वाचलेलं रिक्षाभाडं

साहेब, खोटं तुम्ही बोललात. आमच्या गोडादरा वस्तीत, बचतीच्या कार्यक्रमाच्या मंडपात, पंख्याखाली उभं राहून, माईकवर बोललात. "तुमची कमाई कमी नाही, तुम्हाला सवय नाही. घरातला एक फालतू खर्च शोधा आणि बंद करा. बचत आपोआप होईल." वर टाळ्याही वाजवून घेतल्यात.

टाळ्या आम्ही खमणासाठी वाजवल्या. शेवटपर्यंत बसेल त्याला खमणाचा पुडा आणि पैसे साठवायचा मातीचा गल्ला फुकट, असं तुमचेच लोक गल्लीत सांगत फिरले होते.

तुम्ही बोलत होता आणि मागच्या रांगेत माझ्या खांद्यावर एक डोकं येऊन पडलं.

मी कोपरानं ढोसलं. तो दचकून उठला. डोळे लाल, केसांत धाग्यांची भुसभुशीत रुई.

"माफ करा ताई... रातपाळी करून आलोय."

"ताईच्या खांद्यावर झोपतात का असं?"

"बरं, ताई नाही म्हणत." त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि मग बघतच राहिला. "तुमच्या गालावर हिरा आहे."

मी गाल चाचपला. साडीला चिकटवायचा खडा होता. आम्ही घरी बसून तेच करतो, डिंकात खडा बुडवायचा, साडीवर ठेवायचा. तो भातात सापडतो, केसांत सापडतो.

"कतारगामच्या हिरे कारखान्यातला का?" त्यानं विचारलं.

"हो. शेठनी खास माझ्यासाठी घडवलाय."

तो हसला. हसताना दमलेला वाटत नव्हता. गाव विचारलं तर म्हणाला अमळनेर. आम्ही पारोळ्याचे.

"मंग इतली शुद्ध कसाले बोली ऱ्हायना?" मी गावच्या बोलीत म्हटलं.

"तू रागे भरशी म्हनीसन."

त्याचं नाव हिलाल. लूमवर कापड विणणारा कारागीर. गल्ला घेऊन गेला, खमण मात्र माझ्या हातात ठेवून गेला. म्हणाला, "मला आता फक्त झोप पाहिजे." हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

पुढे एका दुपारी मी पर्वत पाटियाला जायला निघाले होते. तयार साड्यांचं गाठोडं तिथल्या व्यापाऱ्याकडे पोचवावं लागतं. रिक्षावाला भाड्यावरून अडून बसला होता, मीही अडून बसले होते. मागून हिलालचा हात आला, गाठोडं उचललं आणि डोक्यावर घेतलं.

"चल. ते भाडं गल्ल्यात टाक."

"एवढ्या उन्हात पायी?"

"साहेब काय बोलला? एक फालतू खर्च बंद करा. हा घे, बंद केला."

मग ते नेहमीचंच झालं. गाठोडं तयार झालं की मी गॅलरीत लाल ओढणी वाळत टाकायची, समोरच्या इमारतीतल्या कारागिरांच्या खोलीतून हिलाल उतरायचा. तो पुढे, डोक्यावर चमचमणाऱ्या साड्या. मी मागे, त्याच्या सावलीत पाय टाकत. परत आल्यावर वाचलेलं भाडं गल्ल्यात. गल्ला एकच ठेवला होता, त्याचा, तोही आमच्या घरी. माझा आईनं मीठ ठेवायला घेतला.

एकदा मी विचारलं, "हा भरतोय कोणासाठी?"

"तू तुझ्यासाठी भर."

"आणि तू?"

"मी हमाल. हमालाला कोण विचारतं..."

"विचारतेय ना."

तो पुढेच चालत होता. मागे वळता येत नव्हतं, डोक्यावर ओझं होतं. कदाचित म्हणूनच बोलू शकला.

"एक खोली बघितलीय. लहान आहे. पण नळ आत आहे, योगिता. दोघांना पुरेल."

"दोघं कोण?"

"मी... आणि गालावर हिरा असतो ती."

साहेब, तुमच्याकडे प्रेमात काय बोलतात मला माहीत नाही. आमच्याकडे नळ आत आहे म्हटलं की पोरगी मनात तिथं भांडी लावायला घेते.  मी पावलं उचलून त्याच्या बरोबरीनं चालायला लागले.

माझे बाबा, शालिग्राम, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये गठ्ठे उचलतात. हिलालनं मागणी घातली तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. "पोरगा कष्टाळू शे," म्हणाले. "पण कारागिरांच्या सामाईक खोलीत मी पोरगी देणार नाही. आखाजीपर्यंत, अक्षय तृतीयेच्या आत, खोली करा. नाही झाली तर पारोळ्याचं स्थळ थांबलेलं आहे, मी शब्द देऊन टाकीन."

खोलीचं डिपॉझिट तेवढं जमवायचं होतं. गल्ला हलवला की आता वाजत नव्हता, इतका भरला होता.

मग पगाराच्या दिवशी सकाळी हिलाल आमच्या जिन्यात येऊन बसला. वर आला नाही.

"काय व्हयनं?"

"पगार कापला." तो पायऱ्यांकडे बघत होता. "रातचं उभ्या उभ्या डोळा लागतो. तार तुटते, लूम चालूच राहते, कापडाच्या ताक्यात सरळ रेघ पडते. असे बरेच ताके निघाले. शेठनी सगळं डॅमेज माझ्या नावावर टाकलं."

"याच्या आधी तर कधी..."

"नाही. आधी कधी नाही."

तेव्हा मला कळलं. रातपाळीवाला दुपारी झोपतो. त्याच्या दुपारी माझं गाठोडं होतं. संध्याकाळी झोपावं तर त्या गादीवर दिवसपाळीवाला येऊन पडतो, तीच गादी, पाळीपाळीनं. आम्ही रिक्षाचं भाडं वाचवत होतो आणि त्याची झोप खर्च करत होतो. हा हिशेब मला कधी सुचलाच नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ओढणी टाकली असतीस?"

मला रडू आलं नाही, राग आला. गावाकडे त्याची आई पैशांची वाट बघत होती. मेसवाला दारात उभा राहणार होता. गल्ला मीच आणला, त्याच पायरीवर फोडला. "नको ना, योगिता," तो म्हणत होता आणि मी नाणी त्याच्या रुमालात भरत होते. एक खडा सापडला त्यात. डिंक सुकलेला. त्यानं तो तेवढा वेगळा काढून खिशात ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस," मी म्हटलं. "झोप."

"गाठोडं?"

"रिक्षानं नेईन."

"मग गल्ल्यात काय टाकशील?"

मी फुटलेल्या गल्ल्याच्या खापऱ्या ओढणीत गोळा करायला लागले. 

आता ओढणी आत दोरीवर वाळते. सकाळी पाळी सुटली की हिलाल गल्लीतून जातो, मी नळावर असते. तो उगाच चप्पल नीट करतो, मी भरलेली बादली ओतून परत भरायला लावते. एवढंच. त्याच्या ताक्यात रेघ पडत नाही. पण पगार येतो तो सामाईक खोलीचं भाडं, मेस आणि गाव वाटून घेतात, माझी मजुरी रिक्षा खाते. नळ आत असलेल्या खोलीला अजून कुलूप आहे. आखाजी जवळ आलीय. बाबांनी काल पारोळ्याला फोन लावला होता, मी ऐकलं.

साहेब, तुमच्या सांगण्यावरून आम्ही फालतू खर्च शोधला. चहा आम्ही पीत नव्हतो, सिनेमा बघत नव्हतो. शेवटी एकच निघाला, आमची भेट. तोही बंद केला. तरी बचत झाली नाही.

तुम्ही म्हणाला होता, काही शंका असेल तर विचारा. तेव्हा माझ्या तोंडात खमण होतं. आता विचारते. त्याची झोप, माझी रिक्षा आणि आमचं ते उन्हातलं चालणं, यातलं फालतू काय होतं? आखाजीच्या आत सांगा. बाबांना काय सांगायचं ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.