लेबल वर, बुडबुडा आत

"घोट घोट पितेस आणि वर तापूनच दाखवतेस! नखरे तरी किती गं तुझे…"

पुरुषाचा आवाज, आणि तोही इतक्या जवळून! टेबलाखाली वाकून नळीची क्लिप आवळणाऱ्या ताबेयाचं डोकं खाडकन वर आपटलं. चोळत चोळत ती बाहेर आली. समोर एक उंच, विस्कटल्या केसांचा माणूस उभा. लाकडी डावाचं एक टोक कानाला, दुसरं ॲल्युमिनियमच्या पेटीला.

"मला म्हणालात?"

"छे हो! तुम्ही टेबलाखाली राहता हे मला कुठे ठाऊक? हिला म्हणालो."

'ही' म्हणजे ती पेटी. गाडीचा सगळा मेंदू हिच्या पोटात बसायचा. तो तापू नये म्हणून हिच्या भिंतींत बारीक पाट कोरलेले, त्यांतून गुलाबी कूलंट खेळायचं. पण एक कोपरा काही केल्या निवत नव्हता. म्हणून नेकार नदीकाठच्या या छोट्या कारखान्याने उत्तरेच्या समुद्राकडून हा एन्नो मागवला होता. पेटी चाचणीत पास होईपर्यंतच.

"कानाने ताप मोजता?" ताबेयाला राहवेना.

"ऐकायचंय?"

त्याने डाव पुढे केला. तिने कान टेकवला. त्याच्या बाहीला कसलासा धुराचा वास होता… की चहाचा?

"कुणीतरी गुळण्या करतंय!"

तो हसला. "माझे बाबा समुद्राच्या बांधावरच्या पंपघरात कामाला होते. पंप बिघडला की असंच ऐकायचे. आईचा स्वयंपाकघरातला डाव पळवून!"

चाचणीघर एबर्लेबाईंचं. पांढरा कोट, हातात कायम फडकं. त्यांचा एकच नियम – पेटी टेबलावर ठेवायची ती लेबल वर करून, वाचणाऱ्याकडे तोंड करून. "जगात काहीतरी नीट असू द्या," म्हणायच्या. या मुलखात कौतुक करत नाहीत. रागावलं नाही म्हणजेच कौतुक. एन्नोबद्दल मात्र त्या म्हणाल्या, "बरा आहे." ताबेया बघतच राहिली. नवऱ्याबद्दलसुद्धा बाई एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

दुपारी एन्नो आपल्या गावचा चहा करायचा. तळाशी खडीसाखर, वरून सायीचा थेंब.

"अहो, ढवळायचं नाही! आधी साय, मग कडू, शेवटी गोड."

"आणि शेवटपर्यंत धीर नसेल तर?"

"तर… कडूवरच अडकायचं."

तो पुन्हा ओतू लागला. पुन्हा. आणि पुन्हा.

"पोट फुटेल माझं!"

"मग चमचा कपात ठेवा ना. बशीत आहे तोवर आम्ही ओततच राहतो."

ताबेयाने चमच्याकडे पाहिलं… आणि तो बशीतच राहू दिला.

त्या आठवड्यात एकदा नळी बदलताना तिच्या लक्षात आलं. लेबल वर केलं की कूलंट बाहेर पडायचं तोंड खाली जातं. आतली हवा बिचारी वर चढते आणि कोपऱ्यात बसून राहते. गाडीत पेटी उलटी टांगतात; तिथे ही अडचणच नाही. म्हणजे दोष पेटीचा नव्हताच, नीटनेटकेपणाचा होता!

सांगायला ती वळली. एन्नो दाराशी पाव कापत होता, दोघांसाठी. सांगितलं की पेटी पास… आणि हा घरी.

उद्या सांगू, तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

मग वरून निरोप आला – शुक्रवारपर्यंत कोपरा निवला नाही, तर ही पेटी रद्द. एबर्लेबाईंनी फडकं उचललं. टेबलाचा तोच कोपरा पुसत राहिल्या. निवृत्तीआधीचं त्यांचं हे शेवटचं काम. ताबेयाला आपल्या गप्प बसलेल्या जिभेचीच लाज वाटली.

ती सरळ उठली आणि पेटी उलटी केली.

"लेबल!" एबर्लेबाई ओरडल्या.

पेटीने एक मोठी ढेकर दिली. पारदर्शक नळीतून बुडबुडा ऐटीत निघून गेला. पडद्यावरचा लाल कोपरा पिवळा झाला… हिरवा झाला. एन्नो काही दचकला नाही. कानावरचा डाव त्याने हळूच खाली ठेवला.

ताबेया त्याच्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं!"

"सोमवारपासून. आणि तुम्हाला?"

"…मंगळवारपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"लेबल… दिसेनासं झालं असतं ना," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

एबर्लेबाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. फडक्याची घडी घातली. रागावल्या नाहीत. "खिडक्या पुसायच्यात," म्हणाल्या आणि निघाल्या. खिडक्या सकाळीच पुसून झाल्या होत्या.

एन्नोने चहा ओतला. शेवटचा, हे दोघांनाही कळत होतं. खडीसाखर तडकली.

"सकाळची गाडी आहे," तो म्हणाला. "उत्तरेकडे… धुकं असेल म्हणतात."

"हो का."

"डबा-बिबा घेईन बरोबर."

"घ्या."

कप रिकामा झाला. चमचा बशीत होता. त्याने किटली उचलली, पण ओतलं नाही.

"पुरे?" त्याने विचारलं.

ताबेयाने किटलीवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

"एन्नो… जाऊ नकोस."