चकती ठेवलेला ग्लास

कुणीतरी ती चकती उचलली, आणि मुद्दाम उचलली. वाऱ्यानं उडाली, कुत्र्याची शेपटी लागली, असलं काही मला सांगू नका. त्या खोलीत वारा नव्हता आणि कुत्रं शेकोटीपुढे पसरलं होतं. ग्लासवर पुठ्ठ्याची चकती झाकलेली असेल तर माणूस उठून गेलाय पण परत येणार आहे, त्या ग्लासला हात लावायचा नाही, हे वेनबरीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ज्यानं हात लावला त्याला सगळं माहीत होतं. तरीही लावला.

नोव्हेंबरातला रविवार होता. सकाळी मेव्हिस आत्यानं मला साय आणायला पिटाळलं. जेवणानंतरच्या गोड क्रम्बलवर घालायला घट्ट साय हवी होती आणि ती आता पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळते. मी लहान होते तेव्हा चर्चच्या मागच्या डेअरीत किटली घेऊन जायचे. डेअरीवाली बाई मापाच्या वर एक डाव टाकायची, आणि येताना ती वरची साय मी बोटानं चाटून संपवायचे. आता तिथे नखं रंगवून देतात.

धुकं इतकं होतं की बाजाराची उतरण मी पायांच्या सवयीनं उतरले. हा रस्ता मला वासांनी पाठ होता. आधी खाटकाचं दुकान, शनिवारी तिथे गरम पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या कणकेच्या वाट्या, निघायचे आणि त्यांच्या खालचा कागद तुपकट पारदर्शक व्हायचा. मग मिस ऑकलींची चहाची खोली, तिथले स्कोन्स आणि आधी जॅम की आधी क्रीम यावरून चालणारी भांडणं. मग बेकरी. त्या सकाळी कशाचाच वास आला नाही. लीड्सच्या कॉलेजात मी इतिहास शिकले, तेव्हा गावं कशी मरतात यावर लांबलचक निबंध लिहिला होता. त्यात सगळं होतं, फक्त हे नव्हतं, की गाव मरताना आधी त्याचा वास जातो.

उरला होता एक पॅकहॉर्स पब. माझ्या आजोबांनी चालवलेला आणि त्यांच्यानंतर मेव्हिस आत्यानं. दगडी फरशी, काळ्या पडलेल्या तुळया, रविवारी कोकराचं भाजलेलं मटण, पुदिन्याची आंबट चटणी, टम्म फुगलेली यॉर्कशर पुडिंगं. इमारत ज्या कंपनीची होती तिला तिथे फ्लॅट करायचे होते. गावानं मिळून ती विकत घेतली तरच पब वाचणार होता. त्यासाठी मी दारोदार फिरले होते, चिठ्ठ्या टाकल्या होत्या, लोकांशी भांडले होते. आत्या मात्र थकली होती. जागा सोडायचा कागद आठवडाभर शेकोटीवरच्या फळीवर पडून होता.

"हे बघ टॅम," ती आदल्या दिवशी म्हणाली होती, "रविवारी खोली भरली तर मी राहते. नाही भरली तर सोमवारी सही करते आणि समुद्राकाठी नणंदेकडे जाऊन तिच्या मांजरी सांभाळते. मग मला भाषण द्यायचं नाही."

"भरेल," मी म्हणाले.

नाही भरली. जे आले ते सगळे एका टेबलाभोवती मावले. आल्फ बेडोज आला होता, अर्थातच. ऐंशी ओलांडलेला, दाराजवळच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसणारा. वाढपाच्या आधी मी उभी राहिले आणि बोलले. तावातावानं बोलले. जुने दिवस परत आणायचेत, म्हणाले. इथे बसून जेवलेल्या प्रत्येक माणसाची ही खोली आहे, म्हणाले. ज्याला पॅकहॉर्स हवा असेल त्यानं आज जाताना आपल्या ग्लासवर चकती ठेवून जावं. परत येतो म्हणून. तेच आपलं मत.

"छान बोलतेस पोरी," आल्फ म्हणाला. "कॉलेजात भाषण करायला शिकवलं. गिऱ्हाईक आणायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

"तुम्ही तरी मटण संपवा आधी, आल्फकाका."

"दात आहेत तोवर संपवतोय. चटणी सरकव इकडे."

सगळे हसले. थोडा वेळ खोली खरंच पूर्वीसारखी वाटली. मग एकेक जण उठला, कोट चढवले, ग्लासांवर चकत्या ठेवल्या आणि धुक्यात दिसेनासे झाले. आल्फ सगळ्यात शेवटी गेला. तोपर्यंत चार वाजत आले होते आणि खिडक्या राखाडी झाल्या होत्या.

आत्या शेकोटीजवळ बसली. मांडीवर कागद, हातात पेन. स्वयंपाकघरात डिलिस प्यू भांडी विसळत होती. डिलिसमावशी माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे आहे, अर्धी बहिरी, कामापुरती बाहेर येणारी. नळाचा आवाज, थाळ्यांचा आवाज, एवढंच काय ते.

मी टेबलं आवरायला लागले आणि खिडकीपाशी थबकले.

खिडकीतली ती जागा ॲम्ब्रोज गिटिन्सची. मी त्याला पाहिलेलं नाही, आत्यानं लहानपणी पाहिलं होतं. मेंढपाळ होता. एका हिवाळ्यात दुपारी इथे बसला असताना बर्फ सुरू झालं. त्यानं अर्ध्या भरलेल्या ग्लासवर चकती ठेवली, "आलोच, मेंढ्या बघून," म्हणाला आणि गेला. नदीपलीकडे त्याची काठी सापडली, तो सापडला नाही. आजोबांनी तो ग्लास आवरू दिला नाही. परत येतो म्हणून गेलेल्या माणसाचा ग्लास आवरणं म्हणजे तो मेला असं आपणच ठरवणं, असं ते म्हणायचे. तेव्हापासून रोज पब उघडला की त्या टेबलावर बिटर बिअरचा ताजा अर्धा ग्लास ठेवायचा, वर चकती. बंद करताना अंगणात ओतून द्यायचा. आजोबांनी हे केलं, मग आत्यानं. मला ते फार आवडायचं. माझ्या निबंधात त्यावर एक पानभर मजकूर होता.

चकती ग्लासच्या शेजारी पडली होती. नीट, सपाट. ग्लास उघडा होता.

"आत्या... ही चकती कुणी काढली?"

तिनं मान वर केली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"तू नाही ना?"

"मी कशाला काढेन? आत्ताच तर आले इकडे. जेवताना कुणीतरी..."

"जेवताना होती. मी बघत होते." तिची नजर दाराकडे गेली. "टॅम, दार लावलंस का गं तू?"

दार मी लावलं होतं. आल्फ गेल्यावर खिट्टी पडल्याचा आवाज मी ऐकला होता. आता ते हातभर उघडं होतं आणि उंबऱ्यावर धुकं जमिनीलगत आत येत होतं. मी जाऊन ते लावलं, खिट्टी टाकली.

मागे वळले तर कुत्रं उठलं होतं. पिकल म्हातारी झाली आहे, आल्या-गेल्याकडे एक डोळा उघडून बघते, बस. ती फरशीवर नखं वाजवत खिडकीपाशी गेली, रिकाम्या खुर्चीसमोर बसली आणि तिनं शेपटी हलवली. मग मान तिरपी केली, कान खाजवून घेताना करतात तशी.

तेव्हा वास आला. भिजलेल्या लोकरीचा. आधी एवढासा, मग अगदी जवळ, कुणी ओला कोट घालून शेजारून जावं तसा.

मी ग्लासकडे बघत होते. बिटर पिताना काचेवर आतून फेसाचं कडं उरतं. प्रत्येक घोटाला एक. मुरलेला पिणारा किती घोटांत ग्लास संपवतो ते अशी कडी बघून सांगता येतं. त्या ग्लासात एक कडं होतं. मी पापणी मिटून उघडली. दोन होती.

"आत्या, आपण... आपण आत जाऊया."

"थांब." ती कुजबुजली. "ऐक जरा."

मागे खिट्टी उचलली गेली. सावकाश, हाताची सवय असलेल्या माणसासारखी. दार उघडलं. कुणी आत आलं नाही. तरी चटईवर पाय झटकल्याचा आवाज झाला आणि एक बाक फरशीवर सरकलं. मी दार लावायला धावले तर आत्यानं माझं मनगट धरलं. तिचा हात गरम होता, माझा बर्फासारखा.

"राहू दे. लावू नकोस."

"अगं पण..."

"तो खोकला ऐकलास? बारच्या मागून आला तो?" तिचे डोळे भरले होते. "बाबांचा आहे तो. हिशेब चुकला की असेच खोकायचे."

मी ऐकला होता.

मग खोली भरू लागली. दिसत काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. टेबलं रिकामी, बाकं रिकामी. पण एकेक वास येऊन आपल्या जागेवर बसत होता. पाइपची तंबाखू, दगडी कोळसा, घोड्याचं चामडं, सायडरचा आंबूसपणा. आणि पोर्क पायचा गरम तुपकट वास, शनिवारचा, इतका खरा की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कुजबुजीसारखी बोलणी ऐकू येत होती, बंद दारामागून जेवणावळ ऐकू यावी तशी. शब्द कळत नव्हते. एकदा कुणी बाई मोठ्यानं हसली. ते मिस ऑकलींचं हसणं होतं. त्यांच्या अंत्यविधीला मी गेले होते.

आत्या उठली. तिनं ॲप्रनची गाठ सारखी केली.

"उभी काय राहिलीस? ग्लास काढ."

"आत्या, मला भीती वाटतेय."

"मला काय मजा वाटतेय? गिऱ्हाईक आलंय, टॅम. तूच बोलावलंस ना? इथे बसून जेवलेल्या प्रत्येकाची खोली म्हणालीस. आता ओत."

मी ओतलं. बिअरच्या पंपाचा दांडा ओढत राहिले, आत्या अर्धा-अर्धा ग्लास नेऊन टेबलांवर ठेवत राहिली. जाताना ती थोडी अंग चोरून वळायची, भरलेल्या खोलीत वाढपी वळतात तशी. मी मुद्दाम तिकडे पाठ केली होती. माझ्या मानेवर कुणीतरी खोलीतली ऊब श्वासासारखी सोडत होतं... आणि तरी, खरं सांगू का, तशी ऊब मला लहानपणानंतर कुठेच मिळाली नव्हती. बारखाली बसून चिप्स खात असायचे मी, वर मोठ्यांची बोलणी चाललेली, कुणाचा तरी हात न बघता खाली यायचा आणि माझ्या डोक्यावरून फिरून जायचा.

तसा एक हात माझ्या डोक्यावरून फिरला.

मी किंचाळले असणार. कारण एकदम सगळं थांबलं. आत्यानं दिवा लावला होता. बाहेर काळोख, दार सताड उघडं, पिकल परत शेकोटीपुढे झोपलेली. भरलेल्या सगळ्या ग्लासांत तळाशी बोटभर बिटर उरली होती. आतून फेसाची कडी होती, कुणाची तीन, कुणाची सहा. आणि प्रत्येक ग्लासवर, खोलीतल्या प्रत्येक टेबलावरच्या प्रत्येक ग्लासवर, चकती ठेवलेली होती.

फक्त खिडकीतला ग्लास कोरडा होता. त्याच्यावर चकती नव्हती.

आत्यानं बराच वेळ त्या सगळ्यांकडे पाहिलं. मग खुर्चीवर राहिलेला तो कागद घेतला आणि शेकोटीत टाकला.

"खोली भरली," ती म्हणाली.

तर असा वाचला आमचा पॅकहॉर्स. आत्या हटत नाही म्हटल्यावर गावालाही जोर आला. जे कधी बैठकीला आले नव्हते त्यांनीही आपला वाटा उचलला आणि नाताळाच्या आधी इमारत आमची झाली. आता रविवारी गर्दी असते. दुरून माणसं गाड्या घेऊन येतात, मटणाची आणि क्रम्बलची तारीफ करतात, आणि म्हणतात की अर्धी टेबलं रिकामी असली तरी इथे एकटं वाटत नाही. मी हसते. मला हवं होतं तेच झालंय. जुने दिवस परत आणायचेत म्हणून मीच घसा फोडला होता. फक्त संध्याकाळी ग्लास आवरायचं काम मी आत्याकडे सोपवलंय, आणि खिडकीत आता आम्ही काही ठेवत नाही.

आल्फ बेडोज जानेवारीत गेला. झोपेत, शांतपणे. दफन आटोपून सगळे पॅकहॉर्सला आले, हॅम सँडविच आणि चहा. मी किटली भरायला स्वयंपाकघरात गेले, तर डिलिसमावशी डोळे पुसत कप विसळत होती. त्या रविवारची चकती कुणी उचलली हे मी गावात सगळ्यांना विचारलं होतं, प्रत्येकावर संशय घेतला होता. तिला तेवढं विचारायचं राहिलं होतं. आता विचारलं, तेही काहीतरी बोलायचं म्हणून.

"मीच की," ती म्हणाली. "तुम्ही दोघी दारात आल्फला निरोप देत होता. मी थाळ्या उचलायला आले तर खिडकीत तो बसलेला, हात गारठलेले, चकतीसुद्धा उचलवेना बिचाऱ्याला. मी काढून दिली. भला माणूस गं. आल्फची जागा कुठली म्हणाला, मी दाखवली. मग तुझी विचारली."