धनाजीरावांची रुसकी पिकअप

"मारा धक्का! एक, दोन, तीऽऽन!"

समरजित, त्याची मैत्रीण मिताली आणि तिचा धाकटा भाऊ रणवीर घामाघूम होऊन पिकअप ढकलत होते. ती जुनी गाडी नुसती घुरघुरली आणि गप्प झाली! मागे आंब्यांच्या पेट्या, वर मे महिन्याचं ऊन. माल लहरीपुऱ्याच्या बाजारात पोचवायचा होता आणि गाडी अजून बडोद्याच्या टोकाला, तरसालीतच!

"बस, पती गयुं! संपली ही!" स्टिअरिंगवर हात आपटत सुभाषकाका म्हणाले. "धनाजीकाका, संध्याकाळी भंगारवाला येतोय. देऊन टाका. हल्ली कर्जावर कोऱ्या गाड्या मिळतात!"

गाडीचे मालक धनाजीराव शेजारच्या सीटवर बसले होते. सुभाषकाका त्यांचे पुतणे. गाडी आता तेच चालवायचे.

रणवीर धनाजीरावांच्या खिडकीशी धावला. मागच्या पावसाळ्यात त्याला साप चावला, तेव्हा रिक्षासुद्धा मिळत नव्हती. गुडघाभर पाण्यातून धनाजीरावांनी याच गाडीतून त्याला दवाखान्यात पोचवलं होतं.

"आजोबा, हिला भंगारात नका ना देऊ!"

"काय करू, पोरा? प्लग बदलले, बॅटरी बदलली. गॅरेजमध्ये ही शहाण्यासारखी चालू होते आणि रस्त्यावर आली की अडते!"

"आणि पेट्रोल पंपावर?" मितालीने एकदम विचारलं.

"तिथेही लगेच चालू होते. म्हणून वाटायचं, पेट्रोलच संपतंय. पण काटा तर अर्ध्यावर!"

मिताली विचारात पडली. समोरच्या किराणा दुकानात दुकानदार सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, नवा डबा फोडत होता. त्याने एक भोक पाडून डबा कलता केला. तेल अडखळत, गचके खात आलं. मग त्याने दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडलं आणि काय, सरळ धार लागली!

"समर, पाहिलंस?" मिताली ओरडली. "आत हवा गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही! आणि पंपावर आपण काय करतो? टाकी उघडतो!"

तिघंही टाकीकडे धावली. टाकीच्या तोंडात जाड रबरी बूच ठोकलेलं होतं, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि सुतळीचे वेढे!

"हे काय, काका?"

"जुनं झाकण हरवलं ना! मीच बसवलंय. एक थेंब बाहेर उडायचा नाही!" सुभाषकाका ऐटीत म्हणाले.

समरजितने सुतळी सोडली आणि बूच पिरगाळून ओढलं.

सूंऽऽऽ! टाकीने केवढा तरी श्वास घेतला!

"आता मारा सेल्फ!"

गाडी खोकली, पुन्हा खोकली आणि घुर्रर्र करून चालू झाली!

"हॅट्, योगायोग!" सुभाषकाकांनी बूच परत ठोकलं. "चालो, बसा!"

"बसतो. पण पुन्हा बंद पडली आणि बूच काढल्यावर चालू झाली, तर भंगारवाल्याला तुम्हीच परत पाठवायचं!" मिताली म्हणाली.

"कबूल!" काका हसले.

गाडी शहराच्या दिशेने धावली. थोडं अंतर गेली, आचके देऊ लागली आणि भर रस्त्यात थांबली! आता काका हसत नव्हते. रणवीरने उडी मारून बूच उपटलं. सूंऽऽऽ! गाडी पुन्हा चालू!

"माझ्याच हाताने मी हिचा गळा आवळत होतो की!" काका कपाळावर हात मारून म्हणाले.

या वेळी बूच सैलसर बसवून ते हळूहळू लहरीपुऱ्याला पोचले. आंबे उतरवले, बारीक भोक असलेलं नवं झाकण घेतलं. संध्याकाळी भंगारवाला आला, तेव्हा काकाच पुढे झाले. "माफ करजो भाई, गाडी आपवानी नथी! द्यायची नाही!" भंगारवाला आल्या पावली परत गेला.

धनाजीरावांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "ही गाडी गेली असती तर मी घरात नुसता बसून राहिलो असतो, पोरांनो. आम्ही मोठ्यांनी पैसे ओतले, पण टाकीकडे कुणी धड पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत. फार मोठं काम केलंत!"

मुलं लाजून एकमेकांकडे पाहू लागली.

धनाजीराव पिकअपकडे वळले. "सुभाष, किल्ली दे. आज कितीतरी दिवसांनी मी चालवणार आहे. चला रे, बसा सगळे!"

आणि तिघांनी गाडीच्या मागच्या हौद्याकडे एकच धाव घेतली!