वाळूवर बसलेली ती

तुम्ही म्हणाल, उन्हाने डोकं फिरलं असेल. म्हणा. मीही गेलं वर्षभर स्वतःची तशीच समजूत घालते आहे. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलं, माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

रात्र नव्हती. जंगलही नव्हतं. मे महिन्यातली लख्ख दुपार होती आणि आम्ही कोलोराडोतल्या वाळूच्या डोंगरांवर होतो.

मी रोंडा. कॅन्ससमधल्या एका लहान गावात शाळेची बस चालवायचे, आता निवृत्त आहे. लिनेट माझी धाकटी बहीण. तिचा नवरा वॉरन आदल्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून तिने घराचे पडदेसुद्धा उघडले नव्हते. शेवटी मी तिला माझ्या जुन्या व्हॅनमध्ये कोंबलं आणि निघाले. एक पार्क, एक गाव, पुन्हा एक पार्क. मी बडबडायचे, ती खिडकीबाहेर बघत बसायची.

त्या दिवशी ओढा ओलांडून आम्ही वाळू चढायला लागलो. अर्ध्या वाटेत तिने बसकण मारली.

"चल की गं, गोगलगाय!" मी म्हटलं.

"तू जा. मी बसते इथे."

"वॉरन तुला उचलून नेत होता वाटतं सगळीकडे?"

तिने तोंड फिरवलं. माझी जीभच तशी, कुठे थांबावं ते तिला कळत नाही.

मी एकटीच माथ्यावर गेले. वर वारा नुसता घोंघावत होता. मागे वळून खाली पाहिलं...

लिनेटच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं.

बाई होती. डोक्यावर पिवळी टोपी, अंगात फिका निळा शर्ट. मला बरंच वाटलं. चला, कुणाशी तरी बोलतेय.

मग लक्षात आलं...

पिवळी टोपी माझ्याही डोक्यावर होती. फिका निळा शर्ट माझ्याही अंगात होता.

मी हात हलवला. लिनेटने पाहिलं नाही.

त्या बाईने पाहिलं. तिनेही हात हलवला... सावकाश. मी हात खाली घेतला, तरी ती हलवतच राहिली.

मग दोघी उठल्या आणि चालायला लागल्या. गाडीकडे नाही. पलीकडे, जिकडे वाळूशिवाय काही नाही, तिकडे.

"लिनेट!"

वाऱ्याने हाक उडवून नेली. मी धावत सुटले. पडले, घसरले, तोंडात वाळू गेली. मध्ये एक खोलगट जागा लागली, तिथून काही दिसेना. वर आले तेव्हा लिनेट पुढे चालत होती.

एकटी.

पण तिचा डावा हात बाजूला धरलेला होता. कुणीतरी हात धरून नेतं ना... तसा.

ती बसली होती तिथे तिचे बूट नीट जोडून ठेवलेले. पाण्याची बाटली शेजारी. आणि बाजूलाच वाळूत एक खळगा, दुसरं कुणी बसल्याचा. वाळू पाय भाजेल इतकी तापली होती. मी खळग्यात हात घातला...

गार होता.

तिथून पुढे पावलांची एकच रांग गेली होती. लिनेटची.

मी जीव खाऊन ओरडले, "अगं ए म्हशी! बुटांशिवाय कुठे निघालीस?"

ती थांबली. आधी तिने शेजारी पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू... तू तर इथे होतीस," ती म्हणाली.

"मी वर होते!"

"नाही गं. तू लगेच परत आलीस. माझ्याजवळ बसलीस. म्हणालीस, पाणी नको, बूट नकोत, आता लांब नाही."

मी तिला ओढतच गाडीपर्यंत आणलं. एकीनेही मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी जवळच्या गावातल्या खानावळीत बसलो. समोर हिरव्या मिरचीचा रस्सा निवत होता. लिनेट माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आईने मला पोहायला शिकवलं, तेव्हा मी काय घातलं होतं?" तिने अचानक विचारलं.

"माझा जुना लाल स्विमसूट. मागून फाटलेला. सगळी पोरं हसली होती."

तिने मान हलवली.

"तिलाही माहीत होतं," ती म्हणाली.

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

"मग माझ्याबरोबर का आलीस?" मी विचारलं.

"तू म्हैस म्हणालीस ना. ती माझ्यावर एकदाही रागावली नाही." थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "वॉरनबद्दल तिने मला सगळं विचारलं. तू कधी विचारलंस?"

मी वाकून चमचा उचलला.

त्यानंतर वर्षभर मी तिला रोज फोन केला. वॉरनबद्दलही विचारलं. ती बोलायची, पण जपून. जणू दुसऱ्या टोकाला नक्की कोण आहे, याचा अंदाज घेत असावी.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता.

"मी पुन्हा तिकडे चाललेय, रोंडा."

"वेड लागलंय का? कशाला?"

"आमचं बोलणं अर्धं राहिलं."

आज सकाळपासून ती फोन उचलत नाहीये. शेजारीण म्हणते, गाडी दारात नाही... आणि घराचे सगळे पडदे उघडे आहेत.

मी व्हॅन काढली आहे. वाटेत पेट्रोल भरायला थांबले, तेवढ्यात हे लिहिते आहे. उद्या दुपारपर्यंत तिथे पोहोचेन. तिला शोधेन, हाक मारेन. यावेळी प्रेमाने मारायची असं ठरवलं होतं...

पण प्रेमाने हाक मारली, तर ती मी आहे हे तिला कळणार कसं?