खडपाचं नाव

त्या संध्याकाळी वेदिकेला साइट आपल्या मित्राच्या, विनीतच्या हाती सोपवून मोकळं व्हायचं होतं, बाकी काही नको होतं. कॉलेज संपल्यापासून ती 'खडपनामा' सांभाळत होती. समुद्रात पाण्याखाली दडलेल्या खडकांची, म्हणजे खडपांची, ही साइट फुकट आणि सगळ्यांची. किनाऱ्यावरच्या कुणाही तांडेलाने, होडीच्या म्होरक्याने, आपल्याला ठाऊक असलेलं खडप त्यात घालावं, सांभाळणाऱ्याने मंजूर करावं, की ते सगळ्यांच्या नकाशावर दिसायला लागे. पगार नाही, तक्रारी मात्र उदंड. नोकरी करून हे ओढताना तिचे डोळे नुसते जळजळत. त्यात ती नावं! जो ज्या खडपावर बुडाला, त्याचंच नाव त्याला पडायचं.

दिवेलागणीला, रत्नागिरीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत, ती बंद पडलेली खाती काढून टाकत बसली. शेवटचं होतं हर्णेच्या काशीराम तांडेलांचं. दिवाळीनंतर त्यांची होडी परतलीच नव्हती. एक फळकूटही हाती लागलं नव्हतं. प्रत्येक नोंदीखाली ते लिहायचे, "येतो." निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे तिच्याही घरात लहानपणापासून बजावलेलं.

"माफ करा हं, काका," असं पुटपुटत तिने खातं बंद केलं.

टिंग.

मंजुरीसाठी नवी नोंद आली होती. 'काशीरामाचं खडप'. खाली एकच शब्द. येतो.

चहा ओढणीवर सांडला तरी तिला चटका कळला नाही. तिने काशीरामकाकांच्या बायकोला, यमुनाबाईंना फोन लावला.

"मावशी, काकांचा मोबाईल... घरात कोण वापरतं का?"

"नाय गो बाय. तो त्यांच्या खिशातच गेला... का गो?"

"काही नाही. असंच."

मग तिने मुंबईला विनीतला फोन केला. तो हसलाच. "भित्री कुठली! रेंज नसताना लिहिलं असेल कधीतरी, अडकलेलं आज पोचलं."

"पण माणूस स्वतःच्याच नावाचं खडप... जिवंतपणी कसं लिहील?"

"तू दमलीयेस, वेदिका. चाव्या दे माझ्याकडे आणि पड जरा. साचलेलं सगळं मी बघतो."

खरंच दमली होती ती. तिने ती नोंद मंजूर केली नाही, पुसलीही नाही. सगळे अधिकार विनीतच्या नावावर करून दिले आणि साइटवर निरोपाच्या दोन ओळी लिहिल्या. "आजपासून हे काम विनीत पाहील. आपण सगळ्यांनी सांभाळून घेतलंत. येते."

बोटांनीच लिहिलं ते, सवयीने. पाठवल्यावर तिने पुन्हा वाचलं, आणि खोलीत ओल्या जाळ्याचा वास आला. खिडकी तर बंद होती.

तिच्या निरोपाखाली उत्तर उमटलं. काशीराम तांडेल... "ये."

आणि तिच्यासमोर अजून उघड्या असलेल्या नकाशावर, त्यांच्या खडपाला खेटून, मंजुरीची वाट पाहणारा दुसरा ठिपका. 'वेदिकेचं खडप'.

ती पुसायची खूण शोधू लागली. कुठेच नव्हती. अधिकार आता तिचे नव्हते. तिने पुन्हा विनीतला फोन लावला.

"विनीत, ती शेवटची नोंद... उघडू नकोस, आधी पूस..."

"कुठली? अगं, एकेक कोण उघडत बसणार? होतं नव्हतं ते सगळं मंजूर करून टाकलं. झालीस ना मोकळी?"

तेवढ्यात दुसरा फोन वाजू लागला. यमुनाबाई. तिने तो घेतला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"बाय, तू हर्णेला आलीस काय गो?" यमुनाबाई हळूच म्हणाल्या.

"नाही मावशी... मी खोलीवरच आहे."

"मग समुद्राच्या अंगानं हाक कोणी दिली? तुझाच आवाज गो... 'येते' म्हणालीस."