कापलेलं चौथं कार्ड

धाकट्या भावाने टेबलावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली, आणि ताई ती पाहायला वाकली... दोन्हीवर तीच खिडकी, तोच मंद दिवा, तीच काळ्या केसांची, शाल पांघरून दूर कुठेतरी पाहणारी बाई. फरक एवढाच, की त्याने आज मिळवलेल्या चित्राखाली ठळक अक्षरांत सिनेमाचं नाव होतं, आणि तीस वर्षं त्याच्या उशाशी असलेल्या चित्राची खालची पट्टी कुणीतरी कात्रीने सफाईने उडवली होती.

कुणीतरी कशाला, ताईनेच! वडील थिएटरवर डोअरकीपर. हॉलिवुडचा सिनेमा उतरला, की बाहेरच्या भिंतीवर लावलेली त्याची आठ लॉबी कार्डं, म्हणजे सिनेमातल्या प्रसंगांची क्रमांक घातलेली छापील चित्रं, ते घरी आणत. आई गेली तेव्हा ताई बारा वर्षांची, हा दीड वर्षाचा. घरात आईचा एक फोटो म्हणाल तर नाही, आणि या पोराने बोलायला लागल्यापासून एकच धोशा लावलेला, आई कशी होती, दाखव... शेवटी एका दुपारी तिने एका संचातलं चौथं कार्ड काढलं, नावाची पट्टी कापली आणि त्याच्या हातात दिलं. पोर त्या कागदाला गाल लावून झोपलं. ती बाई उरलेल्या सात कार्डांत कुठेच नव्हती, आणि वडिलांनीही कधी काही फोडलं नाही, म्हणून लबाडी खपून गेली. पुढे कार्डं जमवायचं वेड लागलेला धाकटा वडिलांच्या संचातलं ते हरवलेलं चौथं कार्ड वर्षानुवर्षं शोधत राहिला, आणि आज त्याला ते सापडलं होतं.

"तीस वर्षं मी एका नटीला आई म्हणत होतो, ताई. एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?"

ज्याच्यापायी तिने स्वतःचा संसार मांडला नाही, तोच आज परक्यासारखा पाहत होता! तिला काय काय ऐकवता आलं असतं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"सांगणार होते रे, मोठा झालास की... पण तू रोज विचारायचास, आईचे डोळे असेच होते ना, केस असेच ना? मी हो म्हणायचे. हो म्हणता म्हणता... आता डोळे मिटले की मलाही हीच दिसते. तुला आई देता देता माझी आई हरवली रे."

धाकट्याने अल्बम ओढला, चौथ्या रिकाम्या जागेत ते कापलेलं कार्ड हलकेच सरकवलं आणि नवं मिळालेलं तसंच टेबलावर राहू दिलं. बाबांच्या संचातलं हेच, तो पुटपुटला, आणि भरून आलेले डोळे त्याने मनगटाच्या मागच्या बाजूने दाबून पुसले, आधी एक, मग दुसरा.

ताई एकदम पुढे झुकली. मोरीत कपडे धुताना, साबणाचे हात डोळ्यांना लागू नयेत म्हणून... असंच मनगट, अशीच कललेली मान, आणि त्यामागे तो रुंद कपाळाचा, दमलेला, हसरा चेहरा! याला तर ते आठवणंही शक्य नव्हतं.

"थांब... हात काढू नकोस," ती कुजबुजली. "आई अशीच डोळे पुसायची."

तो तसाच थांबला, आणि ताई आईला डोळे भरून पाहत राहिली.