सतरंजीची उजवी बाजू

गोंदिया स्टेशनच्या बाहेर, पेरूच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या एका परक्या माणसाकडे सुलोचनाबाई जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

पाठमोरा होता. उंच. पिवळ्या स्वेटरमध्ये. पेरू असा अलगद दाबून बघत होता, जसं काही पेरूला दुखेल... नोव्हेंबरचं कोवळं ऊन त्याच्या पांढऱ्या केसांवर येऊन बसलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन आठवड्यांपूर्वी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने भर रस्त्यात परपुरुषाचे खांदे न्याहाळावेत, हे शोभत नव्हतं. बाईंना ते कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, एकदा नीट पाहून घ्यायचं आणि मग पाहणं बंद करायचं.

तेवढ्यात माणूस वळला. तो त्यांचा नवरा होता.

यात बाईंचा तसा दोष नव्हता. योगराज वन खात्यात. लग्न झालं तेव्हा वनरक्षक, निवृत्त झाला तेव्हा वनपाल, आणि मधली सगळी वर्षं जंगलात, तंबूत. बाई शाळेत. शासनाने दोघांच्या बदल्या इतक्या काळजीपूर्वक केल्या, की एका तालुक्यात दोघं चुकूनही सापडले नाहीत. शनिवारी रात्री खाकी कपडे घरात शिरत, सोमवारी पहाटे खाकी कपडे बाहेर पडत. चौतीस वर्षांत नवऱ्याची पाठ त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण या नव्या पिवळ्या स्वेटरमध्ये कधीच नाही.

योगराज जवळ आला. चेहरा गंभीर.

"कुठं जाऊन राहिल्या, बाई?"

"सालेकशाला. लेकीकडे." बाईंचा चेहराही गंभीर. "नवरा न्यायला येणार आहे."

"कसा दिसते?"

"खाकी."

"मंग तो काही येत नाही. त्याले रिटायर होऊन दीड वर्ष झालं." त्याने पेरू पुढे केला. "माझ्या स्कूटरवर जागा आहे... चालत असन तर."

"अनोळखी माणसाच्या स्कूटरवर?"

"ओळख होईल ना. कायले घाई करता?"

बाई हसल्या नाहीत. पेरू मात्र घेतला.

स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत, जिथे लोक गॅसचं सिलिंडर ठेवतात, तिथे एक खाकी गाठोडं दोरीने आवळून बांधलं होतं. त्यातून लोखंडी खुंट्यांची टोकं डोकावत होती.

"हे काय घेतलं?"

"तंबू."

बाईंनी गाठोड्याकडे पाहिलं. सवतीकडे पाहतात तसं. याच तंबूने त्यांच्या नवऱ्याच्या जवळपास साऱ्या रात्री पाहिल्या होत्या. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात बाईंनी जंगलात सोबत यायचा हट्ट धरला होता. तेव्हा मोठे दीर भैयालाल म्हणाले होते, "घरची सून तंबूत राहणार नाही." आणि योगराज म्हणाला होता, "बरं, दादा." दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर बाईंनी पुढे डीएड केलं, नोकरी धरली, दोन लेकरं वाढवली आणि तो विषय पुन्हा म्हणून काढला नाही.

"लेकीचं घर असताना तंबू कशाला?" त्यांनी विचारलं.

"असू दे," योगराज म्हणाला. "लागला तर."

सालेकशाला लेक पुष्पांजली आणि जावई अतुल यांनी अतिशय चांगली व्यवस्था केली. ती इतकी चांगली होती, की नवरा-बायकोची भेट होईना. सासऱ्यांना बाहेरच्या खोलीत, नव्या गादीवर, टीव्हीसमोर. आईला आतल्या खोलीत, दोन नातवंडांच्या मध्ये. पंगत पुरुषांची आधी. चहा बाहेर वेगळा, आत वेगळा. तीन दिवसांत दोघांचं जे बोलणं झालं ते असं: "गोळी घेतली?" "घेतली." आणि दुसऱ्या दिवशी: "मोजे कुठं ठेवले?"

चौथ्या दिवशी सकाळी बाई आंघोळीचं पाणी काढत होत्या. योगराज टॉवेल शोधायच्या निमित्ताने मागच्या दारी आला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

"सुलोचना," तो हळूच म्हणाला, "आपण निघालो कशासाठी होतो?"

"सगळ्यांना भेटायला."

"सगळे भेटले... तू नाही भेटली."

घरामागच्या रुळांवरून रेल्वे गेली. घर हादरलं. बाईंच्या हातातला गडवा जरा तिरका झाला, आणि पाणी पायावर सांडलं, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

"तो तंबू," त्या गडव्याकडे बघत म्हणाल्या, "किती जणांचा आहे?"

"दोघांचा."

"मला तो आतून पाहायचा आहे."

"नवेगावले दाखवतो. तलावाच्या काठावर. आता तिकडं पाखरं उतरली असतील."

"नवेगावला तुमचे दादा आहेत."

"आहेत," योगराज म्हणाला. टॉवेल सापडल्यासारखा चेहरा करून तो निघून गेला.

दोघं नवेगाव-बांधला पोहोचले तेव्हा गावात मंडई होती, म्हणजे जत्रा. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे सगळे नातेवाईक एकाच घरी येण्याचा दिवस, आणि ते घर नेहमी भैयालालचंच. ओसरीत बारा-पंधरा पुरुष. स्वयंपाकघरात तेवढ्याच बायका. नव्या चिन्नोर तांदळाचा वास अंगणापर्यंत आलेला. सुलोचनाबाईंनी उंबऱ्याआधीच डोक्यावर पदर घेतला आणि सवयीने आत गेल्या. योगराज सवयीने ओसरीत बसला.

आत जाऊबाई नंदाबाई चुलीपुढे होत्या. सत्तरीच्या, ठणठणीत.

"आली व तू?"

"आले, जाऊबाई."

दोघींचं बोलणं नेहमी एवढंच. कारण एक सतरंजी. बाईंच्या आईने आंदणात दिलेली, लाल-निळ्या पट्ट्यांची, कोपऱ्यात 'सुलोचना' असं नाव विणलेली. लग्नानंतर महिन्याभरात ती याच घरातून नाहीशी झाली. कोणी नेली हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्यांनी नंदाबाईंना कधी विचारलं नाही. नुसतं चौतीस वर्षं मोजून बोलल्या.

ओसरीतून भैयालालचा आवाज आला. "काऊन रे योगराज, स्कूटरवर तंबू बांधून कुठं फिरून राहिला?"

"तलावावर लावतो म्हणलं, दादा. मी अन सुलोचना... दोन-चार दिवस राहतो."

ओसरीतल्या माना वळल्या. स्वयंपाकघरातल्याही. नंदाबाईंचं उलथणं तव्यावर थांबलं.

"याच्या वयात?" कोणीतरी पुटपुटलं. कोणीतरी खोकलं. ते खोकणं खोकल्याचं नव्हतं.

"डोकं फिरलं का तुझं?" भैयालाल म्हणाले. "मंडईचा दिवस. सारं गाव पाहून राहिलं. लोकं म्हणतील, भैयालालनं भावाले घराबाहेर काढलं. या घराची सून बाहेर तंबूत राहणार नाही. समजलं?"

बाई दाराआड उभ्या होत्या. हातात ताट. वाक्य तेच होतं, आवाज तेवढा म्हातारा झाला होता. आणि पुढचे दोन शब्द काय येणार हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, ताट खाली ठेवावं, कान झाकावेत. एवढ्या मुलांना शिकवलं, आणि आपण मात्र या दाराआडून एक पाऊल पुढे नाही...

"बरं, दादा," योगराज म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले.

"बरं," योगराजने पुन्हा म्हटलं. "घराबाहेर नाही लावत. तुमच्या अंगणात लावतो."

आणि तो उठला. बारा-पंधरा पुरुषांमधून वाट काढत स्कूटरपाशी गेला आणि गाठोडं सोडू लागला.

मंडईची दंडार, नाच-गाण्यांचं ते लोकनाट्य, त्या दिवशी फिकी पडली. लोक भैयालालच्या अंगणात गोळा झाले. योगराज खुंट्या ठोकत होता, आणि सल्ले देणाऱ्यांचा तोटा नव्हता. एकाने दोरी ढिली असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने तीच घट्ट असल्याचं. भैयालाल ओसरीत पान लावत बसले. अडवावं तर कशावरून? भाऊ घराबाहेर गेला नव्हता, सून घराबाहेर जाणार नव्हती. त्यांचाच शब्द अंगणात उभा राहत होता, चार दोऱ्यांवर.

तंबू उभा राहिला. योगराजने आत जाऊन काहीतरी अंथरलं, बाहेर आला आणि सगळ्यांसमोर, दादांसमोर, दाराकडे पाहून म्हणाला, "सुलोचना... ये. तुले पाहायचा होता ना?"

नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची, तीही भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर! बायकांनी पदर तोंडाला लावले. सुलोचनाबाईंनी ताट खाली ठेवलं. पदर सारखा केला, मान ताठ केली, आणि शाळेच्या झेंडावंदनाला जात तशा त्या अंगण ओलांडून गेल्या. तंबूशी वाकल्या. आत शिरल्या.

आत कापडातून गाळलेलं पिवळसर ऊन होतं. जुन्या धुराचा वास. आणि खाली एक सतरंजी.

डावीकडचे पट्टे झिजून राख झाले होते. लाल कुठला, निळा कुठला, ओळखू येत नव्हतं. उजवीकडचे मात्र कोरे, लालभडक, निळेशार, कालच मागावरून उतरल्यासारखे. त्या कोऱ्या बाजूच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुताने विणलेलं होतं... सुलोचना.

बाई त्या नावाशी वाकल्या.

"तुम्ही नेली होती?"

"लग्नानंतरच्या पहिल्या पोस्टिंगले जाताना." योगराज दाराशी उकिडवा बसला होता, चूक पकडलेल्या पोरासारखा. "तुले येऊ देत नव्हते. म्हणलं, तुझं नाव तरी नेतो."

"आणि ही बाजू अशी कोरी कशी?"

"तिकडं कधी झोपलोच नाही ना."

"इतकी वर्षं?"

"साहेब आले, गार्ड आले, पाऊस आला... कोणाले त्या बाजूले बसू दिलं नाही. एक रेंजर तर रागावला बी." त्याने मान खाजवली. "जागा तुझी होती. तू येशील तवा कामी पडन... असं वाटे."

बाईंनी हात टेकला. आपल्या नावावर. वीण खरखरीत, नवी. त्या त्या कोऱ्या पट्ट्यांवर जाऊन बसल्या, पाय जवळ घेऊन, नीट, वर्गात पहिल्या बाकावर बसतात तसं. साऱ्या सर्व्हिसमध्ये त्यांना दोन पुरस्कार मिळाले होते, एक तालुक्याचा, एक जिल्ह्याचा. दोन्ही वेळा इतकी मान वर झाली नव्हती.

"आधी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"लाज वाटे."

"कोणाची? माझी?"

"हो. कमी भेटायची ना तू... नवी नवरी वाटे दरवेळी."

बाई लाजल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर दुपारी, साऱ्या मंडईच्या अंगणात. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं, आणि चेहरा पडला.

"अजी," त्या म्हणाल्या, "मी जाऊबाईंवर... चौतीस वर्षं..."

त्याच वेळी तंबूच्या दारात नंदाबाईंचं डोकं आलं. बाहेरच्या गर्दीला कोपराने सरकवून त्या आल्या होत्या. "मी बी पाहतो व आतून," त्या म्हणाल्या. "आमच्या बुढ्यानं तर मले बैलगाडीत बी शेजारी नाही बसवलं कधी."

योगराज बाजूला झाला. नंदाबाई गुडघ्यांवर आत आल्या, वर पाहिलं, कापड चाचपलं, खाली पाहिलं.

"सतरंजी चांगली आहे व. कुठली?"

"आंदणातली, जाऊबाई. हरवली होती." सुलोचनाबाई जावेकडे वळल्या. "माझ्याच नवऱ्यानं नेली होती. मला वाटलं होतं... जाऊ द्या. बसा ना. निवांत बसा. चहा इथंच मागवू."

नंदाबाई खूश झाल्या. त्या लालभडक पट्ट्यांकडे सरकू लागल्या.

"इकडे नाही, जाऊबाई," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि हे बाहेर ओसरीपर्यंत ऐकू गेलं तरी त्यांना चालणार होतं. "तिकडे, डावीकडे बसा. ही बाजू माझी आहे."